मोटारीला दिलेला लाल हात

बीडच्या तहसील कचेरीसमोर लिंबाचे झाड आहे आणि त्या झाडाखाली माझी बैठक आहे. अर्ज लिहून देणे हा माझा व्यवसाय होय. शाळेत मी फार काळ राहिलो नाही. उर्दूची तिसरी जमात आणि मोडीचे वळण एवढे पदरात पडल्यावर पुढचे शिक्षण मी अनुभवाकडून घेतले. आज जमीन, पाणंद, विहीर अथवा बैल, कशाचाही तंटा असो, तो कागदावर कसा उभा करावा हे विचारण्यास लोक माझ्याकडे येतात. खुद्द वकीलही कधीकधी माझ्या अर्जाचा मायना बघून मान हलवतात. हे सांगण्याचे कारण इतकेच की, पुढे जो प्रकार घडला त्यात मला का बोलावले गेले आणि माझा शब्द का मानला गेला, हे वाचकांस समजावे.

चौसाळ्याच्या अलीकडे, सडकेपासून थोडे आत एक गाव आहे. तिथल्या देशमुखांनी एके दिवशी बैलगाडी पाठवून मला बोलावून घेतले. त्यांच्याकडे एक मोटार होती. हैदराबादेच्या एका नवाबाने नवी मोटार घेतली तेव्हा जुनी देशमुखांनी उचलली आणि गाईबरोबर दावे यावे तसा त्या मोटारीबरोबर तिचा ड्रायव्हरही गावात आला. पहिल्या हंगामात मोटार बीडला गेली, एकदा मोमिनाबादेस, म्हणजे लोक अंबाजोगाई म्हणतात तिथे, जाऊन आली. वाटेत लोकांचे बैल बुजून जुवांसकट शेतात शिरले. पुढे सडकेने दगा दिला, पेट्रोलचे डबे मिळेनासे झाले, आणि मोटार गोठ्याशेजारच्या छपरीत जी उभी राहिली ती उभीच राहिली. मागच्या बैठकीवर सरकीची पोती आली. पुढच्या बैठकीवर एक कोंबडी अंडी घालू लागली. ती अंडी रोज सकाळी मोजून आत नेऊन देणे, एवढेच काम ड्रायव्हराकडे उरले होते, आणि तेही तो अंगात खाकी कोट घालूनच करी.

मी ओसरीवर टेकलो तोच देशमुखांनी विषय काढला.

"मुन्शी, एक पत्र लिव्हायचं. युसूफ वडगावचं एक गिऱ्हाईक हाय. पिठाची गिरणी घालतंय. त्याला मोटारीचं इंजिन पाहिजे. बाकीचा सांगाडा गेला भंगारात तरी चालंल."

मी पत्र लिहिले. पत्र चांगले झाले. देशमुख पुढे म्हणाले, "सोमवारी येतंय ते. मी उद्या मोमिनाबादेला कोर्टात पेशीला चाललोय, सोमवारी त्यालाच घेऊन माघारी येतो. तवर मोटार चकाचक झाली पाहिजे. तुमी हितंच राहा अन् करून घ्या. शिकलेला मानूस उभा असला की कामाला वळण येतं."

हे खरेच होते. तरी मी विचारले, "सरकार, ज्यास केवळ इंजिन हवे, त्यास वरच्या रंगाशी काय कर्तव्य?"

"मुन्शी, बैल बाजारात नेताना आपण त्याची शिंगं कामून रंगवतो? शिंगानं नांगर वढतो का त्यो?"

मी विषय बदलला. ड्रायव्हराचे पुढे काय, असे विचारले. देशमुख पान लावता लावता म्हणाले, "मोटार गेल्यावर डायवर ठिवून काय करू? औताला जुंपू का त्याला?"

ड्रायव्हर खांबाआड उभा होता. त्याने ते ऐकले, हे मी पाहिले.

तो मनुष्य उतारवयाचा होता. हैदराबादेत त्याचे कोणी उरले नव्हते आणि दुसऱ्या गावी दुसरी मोटार नव्हती. औत धरणे, मोट हाकणे यांतले त्यास काही येत नव्हते. देशमुखांचे बैलसुद्धा त्याच्या दख्खनी बोलण्यास दाद देत नसत. मोटार गेली की तो जाणार आणि जाणार तो कोठे, हे कोणासच सांगता आले नसते. देशमुख निघून गेल्यावर तो माझ्याजवळ आला व हळूच म्हणाला, "मुन्शीजी, अशी चमकवतो, अशी चमकवतो, की सरकार तिला बघून खुद बोलतील, नक्को विकायला."

म्हणजे मालकास मोटार विकण्यासाठी चमकवावयाची होती आणि नोकरास न विकण्यासाठी. दोन विरुद्ध पक्षकारांची मागणी शब्दशः एकच असावी, असे प्रकरण माझ्या पाहण्यात त्यापूर्वी आले नव्हते. मी दोघांचेही काम एकाच श्रमात होईल असे पाहून देखरेख पत्करली.

प्रथम कोंबडी हलवली. तिने हरकत घेतली, पण ती फेटाळण्यात आली. मग सरकीची पोती काढली. मोटार हौदाजवळ ढकलत आणून रिठ्याच्या पाण्याने धुतली, तेव्हा तिच्या अंगातून जे पाणी निघाले ते पाहून ओढ्यावर धुणे धुणाऱ्या बायकांनी जागा बदलली. बैठकीचे चामडे वाळून तडकले होते. त्यावर मोटेच्या चामड्याला लावतात तसे करंजीचे तेल चोळले. चामडे मऊ पडले. वास मात्र असा सुटला की गावातली कुत्री लांबून वळसा घालून जाऊ लागली. एका चाकात ट्यूब नव्हती; तिथे ड्रायव्हराने पूर्वीच कडबा कोंबून ठेवला होता. त्यात नवा कडबा भरला. पुढचे दोन दिवे पितळेचे होते आणि पातेल्याएवढे मोठे. चिंच आणि राख घेऊन आम्ही त्यांवर बसलो. म्हणजे ड्रायव्हर बसला आणि मी त्यास चोळण्याची दिशा सांगितली. संध्याकाळी ते दिवे असे उजळले की त्यांत माझे मुख मला स्वच्छ दिसले, थोडे रुंद दिसले इतकेच.

उरला तो अंगचा रंग. पुढच्या झाकणाला, ज्यास ड्रायव्हर बॉनेट म्हणे, आणि चाकांवरच्या मडगार्डांना काळा रंग होता, पण त्याचे पोपडे निघाले होते आणि पोपड्यांखाली गंज होता. ड्रायव्हराचे म्हणणे, पोपडे तेवढे काढावे. माझे म्हणणे असे पडले की, अर्धवट खोडलेला मजकूर हा न खोडलेल्याहून वाईट दिसतो. खोडावयाचे तर पूर्ण खोडावे. त्याप्रमाणे विटेची भुकटी आणि काथ्या घेऊन दोन गडी लावले व सगळे बॉनेट पांढऱ्या लोखंडापर्यंत घासून काढले. काम फार सुंदर झाले. सकाळी दव पडले आणि त्यावर पुन्हा गंजाचे तांबूस ठिपके उठले.

ड्रायव्हर म्हणाला, "मुन्शीजी, उघड्या लोखंडाला सीधा काळा रंग धरत नाही. हैदराबादेत कारखान्यात पहिला हात लाल देतात. लाल चांगला वाळला, की मग वरून काळा. लाल हात नाय दिला तर महिन्यात परत सडते."

हा लाल हात कशाचा असतो हे त्याने मला समजावून सांगितले आणि तो पदार्थ आणण्यासाठी मी स्वतः बीडला गेलो. ज्या दुकानी रंगारी, अत्तरे विकणारे गंधी आणि देवळांचे पुजारी सारेच जातात, त्या दुकानी वर्णन सांगितले. दुकानदाराने पुडा बांधून दिला. त्यात शेंदूर होता. मी शंका घेतली, तेव्हा तो म्हणाला, जवसाच्या तेलात कालवून लोखंडाला लावतात तो हाच आणि खोबरेलात कालवून मारुतीला लावतात तोही हाच. मी मालाचे वजन व रंग आणि दुकानदाराच्या मुखावरील भाव तपासून माल घेतला. माल चोख होता, हे मला आजही मान्य आहे. सोबत जवसाचे तेल आणि काळ्या रंगाचा एक डबाही घेतला.

शुक्रवारी दुपारी ड्रायव्हराने शेंदूर जवसाच्या तेलात कालवून बॉनेट, मडगार्डे आणि दोन दिव्यांच्या मधला सगळा भाग लाल केला. हात मोठा सफाईदार होता. मी थोडा मागे सरकून पाहिले. लालभडक, गोलसर, रुंद मुद्रा आणि तीत दोन चकाकणारे पितळी डोळे. माझ्या मनात काही तरी येऊन गेले, पण जेवणाची वेळ झाली होती.

यापुढे ड्रायव्हराने जे जे केले ते निव्वळ रंग वाळण्यासाठी केले. मी साक्षी आहे. छपरीपुढून गुरांची वाट जात असे आणि धुरळा उडून ओल्या रंगावर बसे, म्हणून त्याने आपली एक धुतलेली लुंगी पडद्यासारखी पुढे टांगली. माशा आणि चिलटे येऊन रंगात रुतत, म्हणून एका खापरात निखारे घालून त्यावर लिंबाचा पाला टाकला. पाल्याच्या धुराने त्याचेच डोळे झोंबू लागले, तेव्हा आपल्याजवळचा थोडा लोबानही टाकला. तरी काही माशा येत. त्यांना हाकलण्यास फडके वापरावे तर रंगास ओरखडा पडेल, म्हणून माळावर पडलेली मोरपिसे गोळा करून त्यांचा झुबका बांधला आणि तो त्या झुबक्याने हलक्या हाताने वारा घालीत बसला. आणि कोणी जवळ आले की म्हणे, "चपला बाहेर काढा. धूळ नक्को आणू. हात लावू नका."

दुसरा दिवस शनिवार होता.

गावच्या मारुतीला तेल घालण्यास निघालेली एक म्हातारी त्या वाटेने चालली होती. तिला लोबानाचा वास आला. तिने पाहिले, तो पडदा, धूर, मोरपिसे आणि खाकी कोटातला एक मनुष्य. ती थांबली. नेमका त्याच वेळी वाऱ्याने पडदा बाजूस सरकला. म्हातारीने चपला काढल्या, पुढे येऊन हातातल्या वाटीतले सगळे तेल बॉनेटवर ओतले आणि कानाला हात लावून लवून नमस्कार केला.

"अहो माय! तेल नक्को! ओला आहे, ओला!" ड्रायव्हर ओरडला.

"आसू दे बाबा," म्हातारी म्हणाली, "आत्ताच प्रगट झाला आसंल, ओला तर आसनारच."

ती गेली आणि वाटेत भेटेल त्यास तिने सांगितले. अर्ध्या सकाळीत रुईच्या पानांच्या माळा आल्या आणि दिव्यांवर चढल्या. पुढच्या लोखंडी पट्टीवर नारळ फुटू लागले. ड्रायव्हर प्रत्येकास विनवीत होता, हात लावू नका, मागे सरा, चपला काढा. आणि लोक आपसांत म्हणत होते, लई कडक हाय देव, शिवाशिव चालत न्हाई. मी पुढे होऊन गर्दीस समजावून सांगितले की, ही देशमुखांची मोटार असून तिला गंज न लागावा म्हणून पहिला हात दिलेला आहे, दुसरा काळा हात उद्या द्यावयाचा आहे.

हे शेवटचे वाक्य मी नको होते बोलावयास.

"काळं?" एक पैलवान पुढे आला. "देवाच्या तोंडाला काळं फासनार? कोन फासतंय बघू की! ये बे डायवर, दाव तो डबा!"

ड्रायव्हराने काळ्या रंगाचा डबा कडब्यात लपवला. मी त्यास तसे करण्यास सांगितलेले नव्हते, पण हरकत घेतली नाही.

गावच्या मारुतीच्या देवळात गुरव हातावर हात धरून बसला होता, कारण त्याच्याकडे त्या शनिवारी तेलाचा थेंब पोचला नाही. दुपारी तो स्वतः पाहण्यास आला. त्याने मोटारीभोवती एक फेरी घातली, चाकातला कडबा ओढून पाहिला आणि म्हणाला, "चार चाकांचा मारुती म्या कुठं ऐकला न्हाई." पण त्याने आपला नारळही फोडला. उगीच जोखीम कशाला, असे मजपाशी बोलला.

सोमवारी देशमुख आले. बरोबर युसूफ वडगावचे गिऱ्हाईक, धिप्पाड, कानात भिकबाळी, हातात चाबूक. छपरीपुढची गर्दी पाहून देशमुखांस वाटले, मोटार चांगलीच चकाचक झालेली दिसते. त्यांची मुद्रा प्रसन्न झाली. मग त्यांनी पडदा सारला.

"हे काय बे?"

ड्रायव्हराने मोरपिसांचा झुबका पाठीमागे लपवला. मी सर्व हकीकत क्रमवार सांगितली. देशमुख ऐकत गेले तसतसे लाल होत गेले. शेवटी म्हणाले, "आरं, मोटार हाय ती! मी विकत आणलीय! काढ तो काळा डबा!"

तेवढ्यात वाड्यातून, दाराच्या आडून, देशमुखीणबाईंचा आवाज आला. "म्हणावं, आपल्या दारात देव आला, अन् तुमी त्याचं आतडं काढून पीठ दळायला देनार व्हय? पोराबाळांच्या घरात?"

देशमुख इकडे दाराकडे, तिकडे गिऱ्हाइकाकडे पाहू लागले. गिऱ्हाईक एव्हाना चपला काढून उभे होते. काढलेल्या बऱ्या, या हिशेबाने. ते म्हणाले, "हे बघा देशमुख, देव आसंल तर मी हात जोडतो अन् माघारी जातो. मोटार आसंल तर इंजिन खोलतो अन् घिऊन जातो. गिरणीची जोती भरून तयार हायत. देव हाय का मोटार, काय ते एक ठरवा."

"ठरवायचं कोनी?" देशमुख म्हणाले.

"ज्याचं त्यालाच इचारा," गुरव म्हणाला. "कौल लावू."

आमच्याकडे देवास कौल लावतात, तो असा: देवाच्या अंगावर उजव्या व डाव्या बाजूस गव्हाचा एकेक दाणा पाण्याने चिकटवावयाचा आणि प्रश्न विचारून थांबावयाचे. उजवा दाणा आधी गळला तर होकार, डावा गळला तर नकार. पद्धत जुनी आणि निर्दोष आहे. फक्त प्रश्न नीट मांडलेला असावा लागतो. आणि तोंडी प्रश्न विचारल्याने गावोगावी किती घोटाळे झाले आहेत हे मी जाणून होतो. म्हणून मी पुढे होऊन म्हणालो की, एवढ्या नाजूक मुकदम्यात प्रश्न लेखी असावा. सर्वांस ते पटले. मी मांडी घालून बसलो आणि एका बैठकीत पुढील अर्ज लिहिला:

"बहुजूर मोटार-मारुती महाराज, मुक्काम देशमुखांची छपरी. अर्जदार समस्त गावकरी, बअदब अर्ज करतात की, हुजूर हे यापूर्वी मोटार या नावाने वापरात असून काही मुदत सरकी ठेवण्याच्या कामी होते. हल्ली काही मंडळींचे म्हणणे हुजूर देव आहेत, काहींचे म्हणणे नाहीत. सबब हुजुरांनी स्वतःच हुकूम फर्मावावा की, हुजुरांच्या अंगावर काळा रंग चढवून हुजुरांचे इंजिन काढून नेण्यास हुजुरांची संमती आहे किंवा कसे. संमती असल्यास उजवा दाणा, नसल्यास डावा दाणा टाकण्याची मेहेरबानी व्हावी."

मी तो खड्या आवाजात वाचून दाखवला. सरकी ठेवण्याच्या उल्लेखावर एकदोघांनी चुळबूळ केली, परंतु वस्तुस्थिती अर्जात लपवू नये, असा माझा दंडक आहे. मग स्टँप लावावा की न लावावा हा प्रश्न निघाला. देवाच्या दरबारात नारळ हाच स्टँप, असा निर्णय गुरवाने दिला आणि तो योग्य वाटून अर्जावर नारळ ठेवला.

गुरवाने दोन दाणे पाण्यात बुडवले आणि डाव्या व उजव्या दिव्यांच्या वरती, लाल बॉनेटच्या उभ्या कडेवर दाबून चिकटवले. सगळा गाव श्वास रोखून उभा राहिला.

ड्रायव्हर माझ्याशेजारी उभा होता. त्याची नजर उजव्या दाण्यावरून हलत नव्हती. तो दाणा गळला की इंजिन वडगावला जाणार आणि तो कोठे जाणार हे ठाऊक नाही. त्याचे ओठ हलत होते. तो काय म्हणत होता ते मी ऐकण्याचा प्रयत्न केला नाही. तो त्याच्या व त्याच्या मालकाच्या मधला मामला होता, आणि मालक म्हणजे मी येथे देशमुख म्हणत नाही.

दाणे पडेनात.

आधी लोक उभे होते, मग उकिडवे बसले, मग मांडी घातली. ऊन चढले. छपरीवरचे पत्रे तापले आणि रंगाला वास सुटला. अचानक उजवा दाणा जरासा खाली सरकला. गर्दीतून "आहाऽ" असा आवाज उठला. गिऱ्हाइकाने चाबूक या हातातून त्या हातात घेतला. ड्रायव्हराने माझे मनगट धरले आणि इतके जोरात धरले की पुढे काही काळ मला लेखणी नीट चालवता आली नाही. दाणा गव्हाच्या लांबीएवढा उतरला आणि थांबला. त्याच्यामागे लाल रंगाची एक रेघ उमटली.

"थांबला," कोणी तरी म्हणाले.

"इचार करतोय," म्हातारी म्हणाली. पहिले तेल घातल्यामुळे तिला आता पुढे जागा मिळाली होती.

गिऱ्हाईक कंटाळले. "आहो गुरव, जरा फुंकर घाला की!"

"देवाच्या तोंडावर फुंकर?" गुरव चिडला. "तुमीच घाला अन् तुमीच भोगा."

फुंकर घालण्यास कोणी पुढे आले नाही. ड्रायव्हर माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "मुन्शीजी, जवसाचं तेल हाय. त्यावर या लोकांनी किती तेल ओतलं, रंग चिकटच राहिला. ये दाणे आता नाय पडत. पोळीला गूळ लागल्यासारखे बसलेत."

ही बाब रंगकामाची होती आणि माझ्या अधिकाराबाहेरची होती; त्यामुळे मी ती मनात ठेवली. मी पाहिले ते एवढेच की, हुजुरांसमोर रीतसर अर्ज पेश झाला आहे, स्टँप लागलेला आहे, सर्व पक्ष हजर आहेत आणि हुजुरांनी ना होकार दिला ना नकार. उन्हे कलली तेव्हा मी उठलो.

"मंडळी," मी म्हणालो, "कचेरीत माझी हयात गेली. जिथे हाकिम हुकूम देत नाही, तिथे त्यास काय म्हणतात हे मला कळते. मुकदमा जेरे-तजवीज आहे. म्हणजे हुजूर विचारात आहेत, निकाल राखून ठेवला आहे. निकाल लागेपर्यंत जिथली वस्तू तिथे राहील. तिला काळा रंग लावता येत नाही, तिचे इंजिन काढता येत नाही, तिला हलवता येत नाही."

"अन् किती दिवस?" देशमुखांनी विचारले.

"सरकार, बांधाचे तंटे नातवांपर्यंत चालतात. हा तर देवाचा आहे."

मग मी दुसरा मुद्दा मांडला, आणि तोच मला महत्त्वाचा वाटतो. वाद चालू असता मालमत्ता खराब होऊ नये म्हणून तिच्यावर एक अमानतदार नेमावा लागतो आणि तो कोणत्याही पक्षाचा नसावा. देशमुख मोटारीचे मालक, म्हणजे पक्षकार. गिऱ्हाईक पक्षकार. गुरवाचे शनिवारचे तेल बुडाले, म्हणून तोही पक्षकार. गावकरी तर अर्जदारच. या साऱ्यांत ज्याने कधी कशावरही हक्क सांगितला नाही असा एकच मनुष्य उरतो, आणि तो हा ड्रायव्हर.

गुरव उसळला. "मुन्शी, शेंदराच्या देवापाशी मुसलमान बसनार?"

त्यास उत्तर म्हातारीनेच दिले. "आन् मोहरमात पिराची सवारी तू उचलतोस, ती कशी रं चालती? तिथं तू, हितं तो. फिटंफाट. अन् पैल्या दिसापासनं त्योच तर बसलाय मोरचेल घिऊन. आमाला चपला काढायला कुनी शिकीवलं?"

लोक हसले. तरीही गुरवास नारळांतला वाटा ठरवून दिला, तेव्हा कुठे तो शांत झाला. गिऱ्हाइकाने सगळ्यांपुढे मोटारीस नमस्कार केला आणि गाडीत बसता बसता मला विचारले की, निकाल लागलाच तर आपणास कळवाल का. मी त्याचे नाव-गाव लिहून घेतले.

देशमुख अजून उभे होते. आतले दार अजून किलकिलेच आहे, हे त्यांनी पाहिले. ते छपरीत गेले, लाल बॉनेटपुढे दोन्ही हात कमरेवर ठेवून बराच वेळ पाहत राहिले आणि मग हळूहळू त्यांची छाती वर आली. "मोटारी तर बीडातबी हायत, मुन्शी," ते मला म्हणाले. "पर मोटारवाला देव कुनाच्या दारात हाय का? जहागीरदाराच्याबी न्हाई." आणि ड्रायव्हराकडे वळून म्हणाले, "बस बे हितंच. कुठं जाऊ नको."

असे ते प्रकरण. ड्रायव्हर तिथेच आहे. त्याचा पगार चालू आहे, जेवण वाड्यातून येते, खाकी कोटाला नवी बटणे लागली आहेत. मोटार तो चालवत नाही. ती चालवता येतच नाही. परंतु अमानत ठेवलेली वस्तू चालू स्थितीत राहिली पाहिजे, असे मी लिहून दिले असल्याने दर शनिवारी पूजा आटोपली की तो दक्षिणेच्या पैशांतून कसेबसे मिळवलेले वाटीभर पेट्रोल घालून हँडल मारतो. इंजिन सुरू होते, छपरी थरथरते, रुईची पाने गळतात, दाणे तेवढे जागचे हलत नाहीत, आणि सगळा गाव हात जोडून म्हणतो, देव बोलला. ड्रायव्हर तेवढा वेळ पुढच्या बैठकीवर बसलेला असतो. मी एकदा पाहिले, त्याचे दोन्ही हात चाकावर होते आणि समोरच्या मातीच्या भिंतीकडे बघत तो हलके हलके वळण घेत होता.

गेल्या आठवड्यात तो बीडला आला आणि माझ्या लिंबाखाली बसला. मग म्हणाला, "मुन्शीजी, उजवा दाणा जरा ढिला झाल्यासारखा वाटतो. रंग वाळत आला. पडला तर?"

मी त्यास धीर दिला. म्हणालो, बाबा, मी लिहिलेल्या अर्जाचा निकाल इतक्या लवकर लागल्याचे आजवर घडलेले नाही. तरी तुला भीतीच वाटत असेल, तर थोडे जवसाचे तेल घेऊन जा.